परदेशातले पैसे बेळगावच्या खात्यात येता येता कमी का होतात? गळती शोधण्याची पद्धत

लक्षणं आधी बघा. यातलं एखादं दर महिन्याला दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

पाठवणाऱ्याच्या पावतीवर १,००० डॉलर आहेत, इथल्या बँकेच्या नोंदीत मात्र ९८० किंवा ९८५.

पाठवणी ‘फ्री’ होती, एक पैसाही फी नाही, तरी हिशेबापेक्षा हजार-दीड हजार रुपये कमी आले.

पैसे आठ-दहा दिवस मध्येच अडकले, मग परत गेले, आणि परत जातानाही कापले गेले.

सुट्टीवर आलेल्या मुलाने परदेशी कार्डाने टिळकवाडीतल्या एटीएममधून १०,००० काढले, आणि तिकडच्या खात्यातून साडेदहा हजारांच्या आसपास रक्कम गेली.

तीच कंपनी, तेवढीच रक्कम. पण रविवारी पाठवली की कमी मिळतात.

यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. बहुतेक लोक फी बघतात आणि कंपनी बदलतात. फी हा सहसा सगळ्यात लहान तुकडा असतो. मोठा तुकडा भावात किंवा वाटेतल्या बँकेत जातो, आणि तो पावतीवर कुठेच ‘कपात’ म्हणून छापलेला नसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते मोजायचं.

पहिली तपासणी: कागद आणि कॅल्क्युलेटर. खर्च शून्य.

तीन आकडे लागतात. पाठवणाऱ्याने तिकडच्या चलनात एकूण किती भरले, फी धरून. इथे खात्यात किती रुपये जमा झाले. आणि त्या दिवशीचा बाजारभाव. बाजारभावासाठी एफबीआयएल या संस्थेच्या वेबसाइटवरचा संदर्भ भाव बघा. कामाच्या दिवशी दुपारी तो जाहीर होतो आणि डॉलर, पौंड, युरो, येन या सगळ्यांचा मिळतो.

आखाती चलनांसाठी आणखी सोपी युक्ती आहे, कारण कुवेती दिनार सोडून ती डॉलरला बांधलेली आहेत. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, ३.७५ सौदी रियाल, ३.६४ कतारी रियाल. डॉलरचा भाव त्या आकड्याने भागला की खरा भाव हातात येतो. समजा डॉलर ८८ रुपये आहे. ८८ भागिले ३.६७२५ म्हणजे दिरहमला २३.९६. पैसे पाठवणाऱ्या तिथल्या दुकानाने २३.७० दिला, तर ५,००० दिरहमवर सुमारे १,३१० रुपये भावातच गेले. वर २० दिरहम फी घेतली असेल, तर ती जेमतेम ४८० रुपये. पाठवणारा त्या ४८० साठी दुकानं बदलत राहतो आणि १,३१० कडे त्याचं लक्षच जात नाही.

स्विफ्टने, म्हणजे एका बँकेतून दुसरीत, वाटेत मधल्या बँकेच्या हातून डॉलर आले तर हिशेब असा. १,००० पाठवले, ९८० पोचले, बँकेने ८७.१० भाव लावला: ८५,३५८ रुपये. बाजारभावाने ८८,००० व्हायला हवे होते. २,६४२ चा फरक. त्यातले १,७६० वाटेतल्या बँकेने कापलेले २० डॉलर, ८८२ इथल्या बँकेच्या भावातले. शिवाय चलन बदलण्यावरचा जीएसटी सुमारे १५४ रुपये. आता कुठे हात घालायचा ते दिसतं. या उदाहरणात दोन तृतीयांश गळती वाटेत आहे. इथल्या मॅनेजरशी भाव करून ती थांबणार नाही.

जीएसटी कुणालाच चुकत नाही, पण त्याचा आकडा माहीत असावा, म्हणजे ‘टॅक्स कापला’ असं सांगून कुणी गुंडाळणार नाही. १ लाख रुपयांच्या बदलीवर १८० रुपये, १० लाखांवर ९९०, कितीही मोठी रक्कम असली तरी १०,८०० च्या वर नाही, आणि कितीही लहान असली तरी किमान ४५.

दुसरी: मशीनवरचा ‘रुपये की तुमचं चलन’ हा प्रश्न. खर्च शून्य.

हे परदेशी कार्ड वापरणाऱ्यांसाठी. एटीएमच्या किंवा दुकानातल्या स्वाइप मशीनच्या पडद्यावर दोन आकडे येतात: एक रुपयांत, दुसरा पौंडात किंवा डॉलरमध्ये, आणि बाजूला ‘हमी भाव’ अशा अर्थाची ओळ. आपल्या ओळखीच्या चलनातला आकडा बघून बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तो भाव मशीन चालवणाऱ्याचा असतो आणि त्यात त्याचा नफा मिळवलेला असतो. नेहमी रुपये निवडा. एटीएमवर ‘विदाउट कन्व्हर्जन’ हे बटण दाबायचं. त्याने व्यवहार रद्द होत नाही, फक्त चलनबदल तुमच्या तिकडच्या बँकेकडे जातो. दुकानात कार्ड दुकानदाराच्या हातात असतं, तोच घाईत बटण दाबून टाकतो. आधीच सांगा, ‘रुपयांतच घ्या’, आणि पावतीवर परकी रक्कम छापून आली तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करायला लावा. घरी गेल्यावर काही करता येत नाही.

रुपये निवडूनही कापले जात असतील तर ती तिकडच्या बँकेची परदेशी-व्यवहार फी आहे, बऱ्याच कार्डांवर ३ टक्क्यांच्या आसपास. त्यावर इथल्या एटीएमचं वेगळं शुल्क. ते प्रत्येक वेळी पडतं, म्हणून चार वेळा अडीच हजार काढण्यापेक्षा एकदा १०,००० काढा. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

सुट्टीला येणाऱ्याने खरं तर कार्ड काढूच नये. एनआरई किंवा एनआरओ हे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं असेल तर परदेशी मोबाइल नंबरवरही यूपीआय जोडता येतं. २०२३ मध्ये ही सोय सुरुवातीला १० देशांच्या नंबरांसाठी खुली झाली, त्यात अमिराती, सौदी, कतार, ओमान, ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर हे होते. खडेबाजारात साडी घेताना खात्यातले रुपयेच जातात, चलनबदलाचा प्रश्नच उरत नाही. जोडणी निघायच्या आधी, तो नंबर चालू असताना करून घ्या, कारण एसएमएस त्याच नंबरवरून जावा लागतो.

तिसरी: वार आणि रक्कम. खर्च शून्य, थोडा धीर लागतो.

शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो. ॲप तेव्हाही पैसे घेतं, पण सोमवारी भाव हलला तर आपल्याला तोटा नको म्हणून भाव थोडा कमी देऊन स्वतःसाठी गादी ठेवतं. ती गादी तुमच्या खिशातून. कामाच्या दिवशी सकाळी पाठवा. आखातातही सगळीकडे सुट्टी एकसारखी नाही: अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार, सौदी, कतार, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार. मस्कतहून गुरुवारी रात्री निघालेली रक्कम इथे सोमवारपर्यंत हलली नाही तर घाबरून दुसऱ्यांदा पाठवू नका. इथली बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, आणि १ नोव्हेंबरला कर्नाटकात बंद असते. कोल्हापूरची शाखा त्या दिवशी चालू असली तरी निपाणीची नसते.

रकमेचं म्हणाल, तर वाटेतल्या बँकेची कपात ठरावीक असते. २०० डॉलरवर २० कापले म्हणजे १० टक्के गेले, २,००० वर २० म्हणजे १ टक्का. जीएसटीचंही तसंच: ४ लाख एकदम आले तर ४५० रुपये, १ लाखाचे चार हप्ते केले तर ७२०. घरखर्च दर महिन्याला लागतो हे खरं आहे, पण स्विफ्टने पाठवत असाल तर तीन महिन्यांचे एकदम पाठवून इथे वाटून वापरणं परवडतं.

अमेरिकेतून पाठवणाऱ्यांना एक जास्तीची काळजी. १ जानेवारी २०२६ पासून रोख, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांवर तिथे १ टक्का कर आहे. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्याच डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर तो लागत नाही. पैसे देण्याची पद्धत बदलली की विषय संपला.

चौथी: नाव, कोड, उद्देश. खर्च शून्य, पण एक चक्कर.

पैसे अडकून परत जाण्यामागे आपल्या भागात बहुतेक वेळा हेच असतं. एकेक करून जुळवा.

बँकांचं विलीनीकरण. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली आणि तिचे एसवायएनबी पासून सुरू होणारे कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली, विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात या बँकांची खाती घरोघर होती. दहा वर्षांपूर्वी मुलाने तिकडच्या ॲपमध्ये भरलेला कोड अजून तसाच असतो. नवीन पासबुक हातात घ्या. शाखेचा हा कोड, म्हणजे आयएफएससी, ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात.

स्विफ्ट कोड. तो प्रत्येक शाखेला नसतो. खानापूर किंवा संकेश्वरच्या लहान शाखेचा कोड इंटरनेटवर शोधून जो मिळेल तो टाकू नका. शाखेत विचारा: ‘आमच्या खात्यासाठी इनवर्ड रेमिटन्स (परदेशातून येणारी रक्कम) कुठल्या शाखेच्या स्विफ्ट कोडवर घेता?’ उत्तर लेखी घ्या. भारतात आयबॅन, म्हणजे युरोपातला लांबलचक खाते क्रमांक, चालत नाही. युरोपातल्या फॉर्मवर तो रकाना आला तर खाते क्रमांक भरतात, वरून आकडे जोडत नाहीत.

नाव. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, बँकेत आद्याक्षरं आणि आडनाव, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत उतरलेलं तिसरंच स्पेलिंग. पाठवणाऱ्याने लाभार्थीचं नाव खात्यावर जसं आहे तसंच लिहायचं, अक्षर न् अक्षर. पत्त्यात बेळगावचं २०१४ पूर्वीचं स्पेलिंग आलं तर सहसा अडत नाही, नावात अडतं.

सोसायटी. आपल्याकडे अर्ध्या घरांचा व्यवहार सोसायटीतच असतो, माणसं ओळखीची असतात आणि मराठीत बोलता येतं. पण पतसंस्थेला परदेशी रक्कम थेट स्वीकारण्याचा परवाना नसतो. आधी बँकेत घ्या, मग तिथून सोसायटीत वळवा.

उद्देशाचा कोड. प्रत्येक आवक रकमेला तो लागतो. घरखर्चासाठी आणि बचतीसाठी अनिवासी भारतीयाने पाठवलेल्या पैशांचा पी १३०१, सॉफ्टवेअर कामाच्या बिलाचा पी ०८०२. कोड नसला की बँक रक्कम बाजूला ठेवून तुम्हाला फोन करते. फोन लागला नाही की रक्कम परत. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतो म्हणून आईवडील न भरता परत येतात, असं होऊ देऊ नका. काउंटरवर कोड कागदावर लिहून द्या, तेवढ्याने भागतं. आणि फ्रीलान्स कामाचे पैसे घरखर्चाच्या कोडवर घेऊ नका. पुढे आयकराच्या वेळी तोच कागद आडवा येतो.

पाचवी: वाटेतली कपात. फोन आणि एक अर्ज.

पाठवणाऱ्याकडून स्विफ्ट कॉपी मागवा. जुन्या नमुन्यात चार ओळी बघायच्या: ३३बी म्हणजे मूळ रक्कम, ३२ए म्हणजे पुढे गेलेली, ७१ए मध्ये शुल्क कुणाकडे, ७१एफ मध्ये कुणी किती कापले. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधला संदेशाचा नमुना बदलला आहे, पण याच गोष्टी त्यातही असतात. ७१ए मध्ये ‘एसएचए’ असेल तर शुल्क वाटून, ‘बीईएन’ असेल तर सगळं तुमच्या रकमेतून, ‘ओयूआर’ असेल तर सगळं पाठवणाऱ्याकडून. कॉलेजची फी, घराचा हप्ता असं काही पूर्ण आकड्यातच पोचायला हवं असेल तर ‘ओयूआर’ घ्या. नेहमीच्या घरखर्चासाठी आधी दोन्हींचा खर्च विचारा, कधीकधी ‘ओयूआर’ची फी वाचलेल्या कपातीपेक्षा जास्त असते.

याच कॉपीत दुहेरी बदल पकडता येतो. पोलंड, स्वीडन, नॉर्वे इथून पैसे येतात तेव्हा ते चलन आधी डॉलर किंवा युरोत, मग रुपयांत जातं. प्रत्येक उडीला कट. इथल्या बँकेचं कुठल्या कुठल्या चलनात परदेशी खातं आहे ते विचारा आणि त्यातल्याच चलनात मागवा. तिकडची बँक ‘रुपयांतच पाठवतो’ म्हणाली तर तिचा भाव आधी लेखी बघा. तो बहुतेक वेळा इथल्यापेक्षा वाईट निघतो.

सहावी: वाटच बदला.

आखातातून घरखर्च पाठवायला स्विफ्ट हवीच असं नाही. तिथली एक्स्चेंज हाउसेस भारतीय बँकांशी केलेल्या रुपी ड्रॉइंग व्यवस्थेतून थेट रुपये खात्यात टाकतात. वाटेत कुणी कापत नाही, रुपये किती मिळणार ते आधीच कळतं. घरगुती रकमेला त्यात मर्यादा नाही. वेस्टर्न युनियनसारखी रोख मिळणारी सेवा वेगळ्या योजनेत येते: एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत, एका माणसाला वर्षात ३० वेळा, आणि रोख ५०,००० रुपयांपर्यंतच. बँक नसलेल्या गावात अडीअडचणीला ती चांगली. दर महिन्यासाठी महाग. युरोप, ब्रिटन, अमेरिकेतून परवानाधारक ऑनलाइन कंपन्या तिथे स्थानिक खात्यावर पैसे घेतात आणि इथे रुपये देतात. दोन-तीन कंपन्यांना एकाच मिनिटाला एकच प्रश्न विचारा: ‘माझ्याकडून अमुक इतके घेऊन खात्यात किती रुपये टाकाल?’ फी आणि भाव वेगवेगळे विचारूच नका.

नोटा खिशात घालून आणणं सगळ्यात तोट्याचं. बँकेच्या भावपत्रकात नोटांचा भाव तळाला असतो. बोटीवरून येणाऱ्या कारवारच्या मुलांकडे डॉलरच्या नोटा असतात. गोव्याच्या विमानतळावर टॅक्सीपुरत्या बदला, बाकीच्या शहरात परवानाधारकाकडे, आणि एन्कॅशमेंटची, म्हणजे नोटा बदलल्याची, पावती घ्या. ५,००० डॉलरच्या वर नोटा असतील तर उतरल्यावर कस्टम्सला जाहीर करायच्या. इथे राहणाऱ्याला २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, वरच्या १८० दिवसांत बदलाव्या लागतात.

सातवी: बँकेशी भाव ठरवणं आणि खात्याचा प्रकार.

काही लाखांची रक्कम असेल तर शाखेच्या छापील कार्ड रेटवर समाधान मानू नका. जमा होण्याआधी, सकाळीच, फॉरेक्स विभाग असलेल्या शाखेत जा आणि ‘टीटी बाइंग’चा, म्हणजे खात्यात आलेलं परकीय चलन बँक विकत घेते त्या भावाचा, स्पेशल रेट मागा. आधी संदर्भ भाव मोबाइलवर उघडा, मग बोला. डॉलरमागे ४० पैसे सुटले तर २०,००० डॉलरवर ८,००० रुपये. एकदा जमा झालं की कुणी बदलून देत नाही.

आणि बदलायची गरज नसेल तर बदलूच नका. परदेशात असलेल्याला एफसीएनआर ठेव १ ते ५ वर्षं परकीय चलनातच ठेवता येते. कायमचं परत आलेल्याला आरएफसी खातं उघडून डॉलर डॉलरमध्येच ठेवता येतात, लागतील तसे मोडता येतात. पैसे पुन्हा बाहेर न्यायची शक्यता असेल तर एनआरओऐवजी एनआरई: तिथून मुक्तपणे परत जातात आणि व्याजावर इथे करही नाही. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच, तेही कागदपत्रं करून, आणि व्याजावर ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापला जातो. परदेशात राहायला गेल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं.

इथे थांबा

कुणी म्हणालं की ‘तिकडे माझ्या माणसाला दिरहम द्या, इथे अर्ध्या तासात रोख घरपोच, भावही चांगला’, तर तो हवाला आहे. भाव चांगला असतोच, म्हणून माणूस फसतो. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे, आणि तो घेणाऱ्या आईवडिलांच्या दारात येतो.

कायमचं परत येत असाल आणि तिकडे खातं, पेन्शन किंवा शेअर ठेवून येत असाल, तर स्वतः हिशेब करत बसू नका, अनिवासींची कामं करणारा सीए गाठा. ती मालमत्ता ठेवायला परवानगी आहे, पण रहिवासाची स्थिती बदलली की आयकर विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ती दाखवावी लागते. चुकलं तर १० लाखांपर्यंत दंड. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे, पण तुम्ही त्यात बसता का हे सीएला ठरवू द्या. जवळच्या नातेवाइकाकडून आलेल्या पैशांवर घेणाऱ्याला कर नाही. नातं आणि रक्कम दाखवणारे कागद मात्र जपा.

रक्कम अडकली आणि शाखा दाद देत नसेल तर लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा क्रमांक १४४४८. आणि ‘तुमचे परदेशातून आलेले पैसे सोडवायला आधी क्लिअरन्स फी भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही भरू नका. भरून झाले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावा.

बँकेत किंवा सीएकडे जाताना पाठवणाऱ्याची पावती, स्विफ्ट कॉपी आणि तिच्यावरचा यूईटीआर, म्हणजे रक्कम शोधायचा क्रमांक, पासबुकाचं त्या महिन्याचं पान, परदेशी रक्कम जमा झाल्याचं बँकेचं पत्र (इनवर्ड रेमिटन्सची ॲडव्हाइस) आणि पासपोर्टची प्रत न्या. यूईटीआर असला की रक्कम कुठल्या बँकेत थांबली आहे ते काउंटरवर बसल्या बसल्या बघता येतं.